पाच पांढरी बटणं

मी शिंपी. कापड मापून कापतो, गोष्टी मात्र ऐसपैस. एका गिऱ्हाइकाला मी इतका घट्ट कोट शिवला होता की त्याची उचकी तीन वर्षं आतच अडकली. खोटं वाटत असेल तर माझ्या दुकानात कोणालाही विचारा. दुकानात आम्ही दोघंच. मी कापायचो, बायको काज-बटण करायची.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हणालो, "मनात एक आकडा धर. सांगू नकोस. दुप्पट कर. त्यात दहा मिळव. अर्धं कर. आता धरलेला आकडा वजा कर. पाच उरले!"

तिची सुई थांबली. "अगंबाई! तुम्हाला कसं कळलं?"

"सर्कशीतल्या एका घोड्याला जाकीट शिवून दिलं होतं. त्यानं बदल्यात मनातलं वाचायला शिकवलं."

घोड्यावर तिनं विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. रोज दुपारी जेवण उरकलं की "ओळखा बघू" म्हणायची. मी कधी दहा मिळवायला सांगे, कधी आठ, कधी चौदा. उत्तर बदलत राही आणि माझा रुबाब टिके. अशी एकेचाळीस वर्षं गेली.

मग एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाचा फोटो उजेडासमोर धरला, तो बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

"काकू, दीड वर्ष दुखतंय आणि आत्ता येताय? तेव्हा आला असतात तर काहीतरी करता आलं असतं."

बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं. "यांना ठाऊक होतं की. मनातलं कळतं यांना. हे काही बोलले नाहीत, म्हणून म्हटलं, घाबरण्यासारखं नसेल."

 मी उठून तिच्या चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या.

दुकानात परतल्यावर मी बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. जन्मभर बटणं मोजणाऱ्या बाईला ही जादू मी बटणांवर कधी दाखवली नव्हती. मुद्दामच.

"चार काळी घे. हा तुझा आकडा. दुप्पट कर. आता ही माझी दहा पांढरी. सगळ्याचे सारखे दोन वाटे कर."

तिनं केले. प्रत्येक वाट्यात चार काळी, पाच पांढरी.

"एक वाटा डब्यात टाक. दुसऱ्यातून तुझा आकडा काढ."

काळी निघाली. पाच पांढरी उरली. तिनं सात काळी घेऊन पुन्हा मांडलं. मग एकच काळं घेऊन. दरवेळी तीच पाच पांढरी.

"अहो, यात ओळखायचं काय आहे? ही तर तुमचीच. दहातली निम्मी."

"हो."

"म्हणजे माझी किती होती, ते तुम्हाला..."

"कधीच कळलं नाही. तुझी आपोआप बाहेर जातात."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं ढिगातून मूठ भरली आणि माझ्यापुढे धरली. "किती?"

"माहीत नाही."

"मग विचारायचं होतं ना हो."

 मी तिची मूठ दोन्ही हातांत धरली.

"फार दुखतंय का गं?"

"हो," ती म्हणाली. "फार."