माजघरातला फोटो

मित्रांनो, उन्हापेक्षा अंधाऱ्या माजघरांशी ज्याची ओळख जास्त, असा मी एक म्हातारा कॅमेरा आहे. रत्नागिरीतल्या एका कपाटात, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला मी आता पडून असतो. माझी बटणं कडक झाली आहेत, भिंगाच्या कडेला बुरशी धरली आहे. पण आठवणींना अजून बुरशी लागलेली नाही, म्हणून बोलतो.

माझा जन्म जर्मनीतला. महायुद्धाच्या आधी एका कारखान्यात माझं भिंग घासलं गेलं. ते चांगलं मोठं होतं, म्हणजे थोडक्या उजेडातही मला दिसायचं. पुढे कुणा खलाशाच्या पेटीतून मी मुंबईला आलो आणि जुन्या मालाच्या दुकानात धूळ खात बसलो. तिथून मला सखारामपंतांनी उचललं. रत्नागिरीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. रंगवलेला पडदा, त्यावर राजवाडा, पुढे वेताची खुर्ची. लग्न झालेली जोडपी यायची, पंत त्यांना "हनुवटी वर, हनुवटी वर" म्हणत ताठ बसवायचे आणि मोठ्या लाकडी कॅमेऱ्याने फोटो काढायचे. मी मात्र कपाटातच. माझ्या भात्याला, म्हणजे भिंगामागच्या घडीदार कातडी नळीला, घडीवर चीर गेली होती, त्यामुळे पंतांचा माझ्यावर भरवसा नव्हता.

पंतांची बायको दमयंती. काळोख्या खोलीत फोटो धुण्याचं सगळं काम तिचं. लाल दिव्याखाली कागदावर चेहरा हळूहळू उमटताना ती श्वास रोखून बघायची. तिने हजारो चेहरे धुतले होते, पण स्वतः एकही फोटो काढला नव्हता. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. माघाचा महिना होता. नाटे गावाहून हफीजा नावाची एक बाई स्टुडिओत आली. तिचा नवरा कमाल मालवाहू जहाजावर होता, दूरच्या बंदरांत फिरत असायचा. त्याची आई जन्नतबी अंथरुणाला खिळली होती. कमालने कळवलं होतं की सुट्टी मिळत नाही, निदान मायचा एक फोटो तरी पाठवा. जन्नतबीने उभ्या आयुष्यात फोटो काढून घेतला नव्हता.

हफीजा म्हणाली, "माय हो म्हणाली, पण पुरुषमाणूस माजघरात नको म्हणते. कुणी बाईमाणूस मिळंल काय?"

पंत नकारार्थी मान हलवणार, एवढ्यात पडद्यामागून दमयंती म्हणाली, "मी येईन."

ती स्वतःच्याच आवाजाने दचकली. पंतही दचकले. पण त्यांनी नाही म्हटलं नाही, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी टेबलावर तीन कॅमेरे मांडले.

"मोठा ने," ते म्हणाले. "काम चोख होतं."

"अहो, भर समुद्रात छोट्या पडावातून आगबोटीत चढायचं. ते धूड कोण उचलणार? आणि त्याला माणूस किती वेळ स्थिर लागतो. आजारी बाई बसेल का तशी?"

"मग डबा कॅमेरा?"

"तो उन्हाशिवाय आंधळा."

उरलो मी. पंतांनी माझ्या भात्यावर बोट ठेवलं. "ह्याला चीर आहे. उजेड आत शिरेल आणि सगळा रोल काळा पडेल."

दमयंती मला काळोख्या खोलीत घेऊन गेली. माझ्या पोटात तिने छोटा दिवा धरला. मित्रांनो, माझी जखम ताऱ्यासारखी बाहेर चमकली! ती जागा हेरून तिने काळ्या कागदाची पट्टी डिंकाने चिकटवली. मग रोज दुपारी दारं लोटून ती स्वयंपाकघरात मला स्टँडवर लावायची आणि चुलीशेजारच्या कळशीचे फोटो काढायची. पहिले नुसते काळे आले. मग हळूहळू तिला माझा स्वभाव उमजला. माझं भिंग पुरतं उघडलं की मला काळोखातही दिसतं, पण ज्यावर नजर रोखावी तेवढंच स्पष्ट येतं. पुढचं मागचं धूसर होतं. म्हणून कुठे बघायचं ते आधी ठरवावं लागतं.

निघताना पंतांनी झगमगाटाचे बल्ब तिच्या पिशवीत घातले. "अडलीस तर हे आहेत. वीज चमकल्यासारखा उजेड पडेल."

आगबोट मुसाकाजी बंदराला लागली. पडावातून उतरताना लाट अंगावर आली, तेव्हा दमयंतीने पदर माझ्यावर ओढला. स्वतः मात्र भिजली. तिथून चालत आम्ही नाट्याला पोचलो. घर जांभ्या दगडाचं, पडवीत सुकत घातलेली जाळी. आत माजघरात गेलो आणि मला काहीच दिसेना. छपरातल्या एका काचेच्या कौलातून येईल तेवढाच उजेड. त्या उजेडाच्या कडेला, भिंतीला टेकून जन्नतबी बसली होती. अंगाने चिमणीएवढी, पण आवाज खणखणीत.

"ये बाय. भिजलीस काय गो? हफीजा, हिला आधी चाय दे."

दमयंतीने उजेडाचा अंदाज घेतला आणि तिचा चेहरा पडला. नकळत तिचा हात बल्बच्या खोक्याकडे गेला. हफीजाने विचारलं, "ह्या काय?"

"याने क्षणभर लख्ख उजेड पडतो."

जन्नतबीने हात आडवा केला. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, उजेड तिला सुईसारखा टोचायचा. "ती वीज नको गो बाय. मी डोळे मिटून घेईन, मग माज्या पोरग्याला काय दिसंल? मी जशी बसते तशीच दिसू दे त्याला."

दमयंतीने खोकं पिशवीत परत ठेवलं. आता सगळी भिस्त माझ्यावर. तिने हफीजाला मागचं दार सताड उघडायला लावलं आणि बाहेर उन्हात धुतलेली पांढरी चादर अंथरायला सांगितली. चादरीवरून उसळलेला मऊ उजेड आत आला आणि जन्नतबीच्या गालावर टेकला. तिला तो टोचला नाही.

"माय, आता हलायचं नाही हं," दमयंती म्हणाली.

जन्नतबीने हात मांडीवर दाबून धरले. पण म्हातारपणाचा कंप तो! हात दाबले तशी मान थरथरू लागली, हनुवटी हलू लागली. चेहरा असा झाला, जणू ती कुणाची तरी बोलणी खात होती. दमयंतीने फोटो घेतला, पुन्हा घेतला, आणि तिला कळून चुकलं की हे काही खरं नाही. कौलातला उजेड सरकत चालला होता. परतीची आगबोट गाठायची होती. जन्नतबीला धाप लागली.

"ऱ्हाव दे बाय," ती म्हणाली. "माजा फोटो नशिबात नाय."

हफीजाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि उशाची तसबी, म्हणजे जपाची माळ, तिच्या हातात दिली. "माय, थोडा दम खा. कमालचं नाव घेऊन दुवा मागा."

जन्नतबीची बोटं मण्यांवरून फिरू लागली. आणि मित्रांनो, काय सांगू! सगळा कंप त्या बोटांत उतरला. मान थांबली. हनुवटी थांबली. ओठ मिटलेले, आणि डोळे दाराबाहेर, जिथे समुद्र आहे तिकडे लागलेले.

दमयंतीने हातांकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं. दोन्ही मिळणार नव्हतं. तिने माझी नजर जन्नतबीच्या डोळ्यांवर रोखली आणि श्वास धरून कळ दाबली.

रत्नागिरीत फोटो धुऊन निघाला. पंतांनी तो उजेडात धरला. "अगं, हात हलले. नुसता धूर दिसतोय. वाया गेला. तो आधीचा पाठव, त्यात हात तरी दिसतात."

"त्यात माय दिसत नाही," दमयंती म्हणाली. "मी हाच पाठवणार."

पाठवला. पण पुढे कित्येक दिवस ती मला कपाटातून काढायची आणि एकही फोटो न काढता परत ठेवायची. पावसाळा आला, आगबोटी बंद झाल्या. त्या पावसाळ्यात जन्नतबी गेल्याचं कळलं.

दिवाळीनंतर एक उंच, उन्हाने रापलेला माणूस स्टुडिओच्या पायरीशी चपला काढून आत आला. तो कमाल होता. खिशातून त्याने फोटो काढला. कोपरे मऊ पडले होते.

"हा कुणी काढला?"

पंतांनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या हिने."

दमयंती बाहेर आली. कमालने मान खाली घातली. "वहिनी, जहाजावरचे दोस्त म्हणाले, फोटो चांगला, पण हात पुसले गेले. मी म्हटलं, अरे, माज्या मायचे हात मी कधी थांबलेले बघितलेच नाय. ती माज्यासाठी दुवा मागते हाय. मला कुणी सांगायला लागलं नाय." त्याने फोटोवरून अंगठा फिरवला. "मातीला मी पोचलो नाय. पण ती गेली तवा ती अशीच बसली असंल, एवढं मला ठाव हाय."

पंत उठून आत गेले आणि चहा टाकला. आजवर त्यांनी स्वतः कधी चहा टाकला नव्हता.

त्यानंतर मालगुंड, पूर्णगड, नाटे, कुठून कुठून बोलावणी येऊ लागली. बाळंतिणी, आज्या, नव्या सुना. ज्या कधी स्टुडिओची पायरी चढल्या नसत्या, त्या सगळ्या माझ्यासमोर आपापल्या घरात, आपापल्या उजेडात बसल्या. दमयंतीला बंदरावर सोडायला पंत स्वतः यायचे, आणि मी त्यांच्या खांद्यावर असायचो. बल्बचं खोकं त्यांनी पुन्हा कधी पिशवीत घातलं नाही. माझे ते सोन्याचे दिवस.

मग नवे कॅमेरे आले, हलके, झटपट. माझा रोल मिळेनासा झाला. खाऱ्या हवेने माझा भाता विरला. पंत गेले. दमयंतीचे केस पांढरे झाले, आणि गंमत बघा, तिचेही हात आता थरथरतात. त्याच हातांनी ती मला वर्षातून एकदा उन्हात ठेवते आणि भिंग पुसते.

मित्रांनो, जुन्या वस्तू ओलीत कोंडून ठेवू नका, अधूनमधून त्यांना वारा दाखवा. आणि माझ्यापेक्षा मोठी विनंती अशी, की तुमच्याही घरात आतल्या खोलीत कुणीतरी बसलेलं असेल. त्यांना अंगणात चला, नीट बसा, हसा असं सांगू नका. तुम्हीच आत जा. थोडा वेळ बसलात, की डोळ्यांना दिसायला लागतं.