सेनापतीणबाईंचे चिलखत

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे; पण गोष्टीचे नव्हे, खेळाचे. टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एकेक शूरवीर व्हायचे आणि फासे टाकून लढायचे, असा तो खेळ. त्याचे नियम माझ्या पोटात आहेत, वीरांची चित्रेही आहेत.

छापखान्यातून आले तेव्हा माझे भारी कौतुक झाले. चित्रकारमामांनी माझ्यातले चार वीर नखशिखान्त लोखंडात मढवले होते. पाचवी सेनापतीण. तिच्या वाट्याला मात्र दोन चिंध्या आणि एक लाडिक मुरका! ते पान आले की कुणी फिदीफिदी हसे, कुणी मला घाईने मिटून टाके. मला फार शरम वाटे.

पुढे माझी नवी आवृत्ती निघायची ठरली. मामा तेच चित्र मुखपृष्ठावर घेणार होते. त्यांची कॉलेजात शिकणारी भाची आमच्या टेबलावर खेळ चालवायची, म्हणजे राक्षसांच्या वतीने फासे टाकायची. ती म्हणाली, "मामा, हे चित्र नको."

"अगं, देखणं आहे. अशानंच पुस्तकं खपतात."

"देखणं आहेच. पण ही लढणार कशी? आज तू सेनापतीण हो. टिकलास तर खुशाल लाव."

आमच्या टेबलाचा एक रिवाज आहे. चित्रात अंगावर दिसेल तेवढेच चिलखत धरायचे. तो मामांनीच पाडला होता आणि तेच विसरले होते. ते ऐटीत गुहेत शिरले. एका मरतुकड्या राक्षसाने बाण सोडला. भाचीने फासा टाकला आणि माझ्या पानावर बोट ठेवले.

"पोटावर लागला. चिलखत?"

"नाही."

"दुसरा खांद्यावर. चिलखत?"

मामा स्वतःच्याच चित्राकडे बघत राहिले. "तिथंही नाही."

"पडल्या सेनापतीणबाई!" खेळायला आलेले शेजारचे बेकरीवाले काका ओरडले. "अहो, निदान एखादा स्वेटर तरी द्यायचात!"

सगळे पोट धरधरून हसले. मामाही हसले. "मी तिला लढायला काढलंच नव्हतं गं," ते म्हणाले. "नुसतं बघायला काढलं होतं."

त्यांनी तिथेच पेन्सिल मागून घेतली. आता नव्या मुखपृष्ठावर ती पोलादी चिलखतात उभी आहे. गालावर वण आहे, आणि नजर अशी की राक्षसाने वाट बदलावी. ती आधीपेक्षा देखणी दिसते, असे मामाच सांगत फिरतात. दुकानातली नव्या प्रतींची थप्पी हा हा म्हणता संपली. आमच्या टेबलाला खुर्च्या पुरेनाशा झाल्या. मला तर आनंदाने पाने फडफडवावीशी वाटतात!

मित्रांनो, माझी पाने दुमडू नका, एवढे करा. आणि कुणाचेही चित्र काढाल, तेव्हा त्याला काय करायचे आहे ते आधी विचारा. आमच्या सेनापतीणबाईंना लढायचे होते. काल त्यांनी अख्खी गुहा जिंकली. खेळत होते मामा.