धसईहून पाठवलेला प्रश्न

डॉक्टर भावना इसामे धसईत दवाखाना चालवायच्या. नवरा नाशिकला नोकरीला, मुलगी तिकडेच शाळेत. गावात त्यांना मान होता, कुणी ना कुणी भाजी आणून द्यायचं. पण एखादा आजार कळेनासा झाला, की विचारायला माणूस नव्हतं. मग त्या दवाखान्यामागच्या खोलीत कॉलेजातली जुनी पुस्तकं चाळत बसायच्या.

२००४ च्या भातकापणीत गावातली सुंदरा दवाखान्यात आली. आठवडाभराचा ताप, डोकं फुटायची वेळ. मलेरिया निघाला नाही, टायफॉइडच्या औषधानं ताप हलला नाही.

"कल्याणला जावं लागेल, सुंदरा."

"नाय जायाची, बाय. कापणी टाकून माझ्यासंगं कोन येनार?"

दुपारच्या एसटीनं भावना मुरबाडला गेल्या. तिथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तासावर इंटरनेट मिळायचं. देशभरातल्या डॉक्टरांचा एक ईमेल ग्रुप होता; वर्षभर त्या तो नुसता वाचत होत्या. आपलं इंग्रजी बघून लोक हसतील, या भीतीनं लिहिलं कधीच नव्हतं. त्या दिवशी एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी सुंदराची हकिगत लिहिली, पाठवली आणि पडद्याकडे बघत बसल्या. उत्तर आलं नाही. शेवटच्या गाडीनं त्या परतल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. एकच उत्तर होतं, हिमाचलातल्या कुठल्याशा गावच्या डॉक्टर नेगींचं. 'अंग पूर्ण तपासलंत का? काखेत, जांघेत, स्तनाखाली? सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली सापडेल. आमच्याकडे गवत कापणाऱ्या बायकांना बारीक किडा चावून असा ताप येतो.' खाली औषध लिहिलं होतं. धसईत मिळणारंच.

भावना तशाच सुंदराच्या घरी गेल्या. डाव्या स्तनाखाली खपली होती.

"अगं, हे दाखवलं का नाहीस?"

"दुखत नाय, खाजत नाय. त्याचा काय दाखवायचा?"

दोन दिवसांत ताप उतरला. सुंदरानं भाताची पेज मागून घेतली. भावनांना इतका आनंद झाला, की कुणालातरी सांगावंसं वाटलं. नवऱ्याला फोन केला. "बरं झालं," तो म्हणाला आणि मुलीच्या फीचं विचारू लागला. मग त्या मुरबाडला जाऊन नेगींना लांबलचक मेल लिहून आल्या.

तेव्हापासून दर मंगळवारी त्या दवाखाना बंद ठेवून मुरबाडला जायच्या. एका हाताला सहा बोटं असलेल्या बाळाबद्दल, सर्पदंशाबद्दल, हातून दगावलेल्या एका बाळंतिणीबद्दल त्यांनी नेगींना लिहिलं. नेगी प्रत्येकाला उत्तर द्यायचे, कधी फक्त 'मलाही असंच झालं होतं' एवढंच.

दुसऱ्या पावसाळ्यात उत्तरं थांबली. भावनांचे मेल परत येऊ लागले: समोरच्याची मेलपेटी भरली आहे. त्यांनी ग्रुपवर विचारलं. नेगींना प्रत्यक्ष ओळखणारं तिथं कुणीच नव्हतं. आजारी होते, की रिटायर झाले, की आणखी काही, कळलं नाही. तरी काही मंगळवार त्या जात राहिल्या.

मुरबाडात तालुक्यातल्या डॉक्टरांचं जेवण होतं, तेव्हा भावनांनी सुंदराच्या तापाबद्दल उभं राहून सांगितलं. औषध कंपनीचा माणूस बॅगा वाटत होता. "मॅडम, आपल्याकडे असले आजार नसतात," कुणीतरी म्हणालं. त्या खाली बसल्या.

महिन्याभरानं टोकावड्याहून फोन आला. डॉक्टर पष्टे. जेवणाच्या वेळी एका शब्दानं बोलले नव्हते.

"माझ्याकडे एक बाई आहे. ताप उतरत नाही, आणि मला अंग तपासू देत नाही. तुम्ही येता?"

"येते."

जीप पकडून भावना गेल्या. बाईचं सगळं अंग तपासलं. खपली कुठेच नव्हती. बाहेर येऊन त्यांनी तसं सांगितलं, जरा ओशाळूनच.

"मग काय असेल?" पष्ट्यांनी विचारलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

दोघांनी बाईचे कागद पुन्हा पाहिले, एकमेकांचं खोडून काढलं. अखेर रक्त कल्याणला तपासायला पाठवायचं ठरलं. चहा निवून गेला होता. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा भावना उठल्या.

"रिपोर्ट आला की फोन करतो," पष्टे म्हणाले.

"करा. नाहीच आला, तरी करा."