बॉनेटवरचे पांढरे ढग

काळ्या बॉनेटवर उमटलेले पांढरे ढग फडक्यानं कितीही पुसले तरी हलेनात, तेव्हा सुकन्यानं फडकं खाली ठेवलं.

शुक्रवार पेठेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बिभीषणकाका गाड्या चकाचक करून देत. सुकन्या त्यांच्या हाताखाली काम शिकत होती. आज पहिल्यांदाच त्यांनी एक गाडी तिच्या एकटीवर सोडली होती. "ही नीट झाली, तर फुडच्या तुज्याच," एवढं बोलून ते नातेपुत्याला, आपल्या गावी, गेले होते. गाडीचे मालक चन्नवीर चारला येणार होते. आता अडीच वाजले होते.

चूक तिला कळली होती. सीलंट म्हणजे रंगाला उन्हाधुळीपासून जपणारा पातळ थर. तो सावलीत, गार पत्र्यावर, वीतवीतभर लावत पुसत जायचा असतो. तिनं उन्हात उभ्या गाडीचं बॉनेट एका दमात माखलं होतं. तापल्या पत्र्यावर थर क्षणात वाळून घट्ट बसला.

शिवाय मधोमध विभूतीचे तीन पट्टे होते. नव्या गाडीच्या पूजेला चन्नवीर यांच्या आईनं, शिवम्मांनी, ओढलेले. देवाची खूण परक्यानं कशी पुसायची, म्हणून सुकन्यानं धुतानाही ती जागा सोडली होती. आता त्या राखेच्या कडा सीलंटमध्ये अडकल्या होत्या.

फळीवर थिनरचा डबा होता. तिनं फडकं भिजवलं. उग्र वास नाकात शिरला. बॉनेटपासून हात वीतभर राहिला आणि ती थबकली. तिनं काकांना फोन लावला.

"काका, सीलंट वाळून बसलंय. थिनर मारू का?"

काका शांतपणे म्हणाले, "आदी डबा झाक. झाकलास?"

"व्हय."

"थिनरनं सीलंट जाईल, संगं रंगबी जाईल. आता पत्र्यावर हात ठेव. किती येळ ठेववतो?"

"ठेववतच न्हाय."

"मग आदी काय करायचं?"

"सावलीत घ्यायची."

"मी सांगितलं का? तुला येतंय की. गार हुईस्तोवर हात बांधून बस. त्येच लई अवघड हाय. मग त्येच सीलंट पातळ लाव, वीतभर जागेत. ताजं लागलं की जुनं सैल पडतं. लगेच मऊ फडक्यानं उचल. घासू नकोस."

तिनं गाडी आत घेतली, पंखा लावला आणि बसून राहिली. घड्याळाकडे बघत अर्धा तास काढणं तिला अख्ख्या गाडीच्या कामाहून जड गेलं. पत्रा निवला तशी तिनं कोपऱ्यातून सुरुवात केली. लावायचं, थोडं थांबायचं, उचलायचं, फडक्याची घडी बदलायची. पहिला ढग विरघळून खाली काळी पाणीदार चमक दिसली, तेव्हा कुठं ती पुढच्या वीतभर जागेकडे वळली.

विभूतीभोवतीची जागा तेवढी राहिली आणि दारात चन्नवीर उभे राहिले. मागोमाग शिवम्मा. पावणेचार.

"हे काय? झालं नाही?" चन्नवीर वाकून बघू लागले. "बिभीषण कुठाय?"

"गावाला गेलेत." ती फडकं बाजूला ठेवून पुढे झाली. "चूक माझी आहे, अण्णा. उन्हात लावलं, ते वाळलं. बाकीचं काढलंय. पण इथं राख अडकलीय. कोरडं पुसलं तर कण फिरतील, चरे पडतील. आधी पाण्यानं वाहून जायला पाहिजे. आणि विभूती मी कशी धुऊ?"

चन्नवीर यांनी कपाळाला हात लावला. "लाखांची गाडी अशा पोरीच्या हाती..."

"बेडा, चन्नू, नको बोलू," शिवम्मांनी कानडी मिसळत मुलाला हातानं थांबवलं. "तिनं गुपचूप पुसलं असतं तर तुला कळलं असतं का?" त्यांनी पदर खोचला. "मी लावली, मी धुते. तांब्या कुठाय, यव्वा?"

त्यांनी पाणी सोडलं. सुकन्यानं साबणाच्या पाण्यात भिजलेलं मऊ फडकं जराही न दाबता वरून फिरवलं. राख घसरत खाली गेली. जागा वाळल्यावर तिनं पुन्हा ताजं सीलंट लावून उचललं. मग टॉर्च तिरका धरला.

पट्ट्याच्या कडेला केसाएवढा चरा होता.

चन्नवीर यांना तो दिसला नव्हता. तिनं त्यांचा हात तिथं नेला. "हा माझ्यानं पडला. काका आले की पॉलिश करून देऊ."

त्यांनी चऱ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "सोमवारी आणतो," एवढंच म्हणून त्यांनी किल्ली घेतली.

संध्याकाळी काकांचा फोन आला. तिनं चऱ्यासकट सगळं सांगितलं.

"त्यानं बघितला, का तू दावलास?"

"मी दावला."

"बरं. मी हितं दोन दिवस राहतो. सकाळी शेड तू उघड."