पाण्यावरची मेंढरं

दिवाळी झाली की पालीच्या पुढच्या त्या वस्तीतली धडधाकट माणसं ऊसतोडीला निघून जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. मग दुपारी वस्ती इतकी गप्प होते, की दोरीवरचं लुगडं हललं तरी कुणीतरी आल्यासारखं वाटतं.

या मागं राहिलेल्यांसाठी गावातल्या काही जणांनी ‘सोबत’ नावाचं मंडळ काढलं होतं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले धर्मराजअण्णा त्याचे म्होरके. कुणी शाळा सुटल्यावर पोरांचा अभ्यास घ्यायचं, कुणी म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, आणि दिवस मावळला की देवळासमोर पोरं आणि म्हातारी एकाच पंगतीला जेवायची.

मंजुषा मंडळात नवीन होती. बीडला एका औषधाच्या दुकानात ती कामाला होती. आईच्या आजारपणात गावी आली, पुढं आई गेली, आणि परत जायचं राहूनच गेलं. रिकामं घर खायला उठायचं, म्हणून एक दिवस तिनं अण्णांना काहीतरी काम मागितलं. अण्णांनी तिच्याकडं आप्पारावांना सोपवलं.

आप्पाराव उभा जन्म मेंढरांमागं हिंडलेले. अजूनही पाठीनं ताठ होते, पण आठवण पार विस्कटून गेलेली. उन्हं कलली की ते खांद्यावर घोंगडी टाकायचे, काठी उचलायचे, आणि मेंढरं पाण्यावर राहिली म्हणत धरणाच्या वाटेला लागायचे. मेंढरं त्यांच्या मुलांनी कधीच विकली होती. आप्पारावांच्या बायकोचे, भामाबाईंचे, गुडघे गेलेले. त्यांना मागं पळता येत नव्हतं. तेव्हा आप्पारावांना वाटेत गाठून परत आणायचं, एवढंच मंजुषाचं काम.

सुरुवातीला ती त्यांना खरं तेच सांगायची. मेंढरं विकून लई वर्षं झाली, आता पाण्यावर कुणी नाही, घरी चला. आप्पाराव जागीच थांबायचे. कुणी विकली, कधी विकली, मला का विचारलं नाही, असं हळू आवाजात विचारायचे. मग त्यांचा चेहरा पार उतरायचा आणि ते तिच्या मागोमाग मुकाट्यानं परत यायचे. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की पुन्हा काठी, पुन्हा तीच वाट.

असं बरेच दिवस चाललं. एकदा त्यांना घरी सोडून मंजुषा निघाली, तर भामाबाईंनी तिला उंबऱ्यात थांबवलं.

“पोरी, तू खोटं बोलत न्हाईस, खरं हाय,” त्या म्हणाल्या. “पर त्यांना दर खेपेला नव्यानं कळतंय. आमच्या घरात रोज मयत व्हतंय बघ.”

दुसऱ्या दिवशी आप्पाराव वाटेला लागले तेव्हा मंजुषानं त्यांना अडवलं नाही. ती नुसती बाजूनं चालू लागली. त्यांनी एकदा वळून बघितलं आणि चाल थोडी हळू केली.

शाळा नुकतीच सुटली होती. तिसरीतली संस्कृती दप्तर पाठीला लावून त्यांच्या मागं आली. तिचे आईबाप कर्नाटकातल्या कारखान्यावर होते. ती आजीपाशी, वत्सलाबाईंपाशी, राहायची. मी पण मेंढरं बघायला येते, म्हणाली. मंजुषानं वत्सलाबाईंना हाक मारून विचारलं. त्यांनी दारातूनच हात हलवला, घेऊन जा म्हणून.

वाट करडईच्या आणि ज्वारीच्या मधून जायची. पौषातलं ऊन अंगाला नुसतं टेकलेलं. धरणाचं पाणी मागं सरलं होतं आणि मोकळ्या झालेल्या गाळावर कोवळं गवत उगवलं होतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळत नव्हतं. पाण्यावर ऊन तुटून तुटून पसरलेलं, आणि त्या तुकड्यांमधून पांढरं पांढरं काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं. बगळे असतील.

आप्पाराव काठीवर हनुवटी ठेवून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी घाई गेली.

“हायेत,” ते म्हणाले. “समदी हायेत.”

संस्कृती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. ते बघत होते तिकडं तीही डोळे बारीक करून बघू लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “ती एक मागं राहिली बघा, आबा.”

“ती लंगडी हाय. तिला दमानं येऊ दे.”

मंजुषानंही बघितलं. तिला पाणीच दिसलं. पण परतताना तिच्या ध्यानात आलं, की आपण तिघंही फार हळू चालतोय, मागून कुणीतरी दमानं येत असल्यासारखं. मागं वळून बघायचा तिला धीर झाला नाही. बघितलं असतं तर काहीतरी मोडलं असतं, असं वाटत राहिलं. त्या दिवशी आप्पाराव दोन भाकरी जेवले.

मग तिघांचं रोजचंच झालं. आई गेल्यापासून मंजुषाची दुपार सरता सरत नव्हती, ती आता पाण्याकडं बघता बघता सरायची. संस्कृती चालता चालता आप्पारावांना आईबापाबद्दल सांगायची. ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकायचे, आणि तिलाही दर वेळी पहिल्यापासून सांगता यायचं. मेंढरांना हाक कशी मारायची ते त्यांनी तिला शिकवलं. ती तोंडाला हात लावून हाक मारायची, आणि पाण्यापलीकडून ती हाक बारीक होऊन परत यायची.

एके दिवशी मात्र उशीर झाला. आप्पाराव गाळाजवळ बसले ते उठेनात. मंजुषानं हाताला धरलं, विनवलं, पण त्यांना घाई म्हणजे काय तेच कळत नव्हतं. परत येईपर्यंत अंधार पडला. पंगत तशीच थांबलेली, वत्सलाबाई रडत बसलेल्या, आणि अण्णा बॅटरी घेऊन वाटेवर उभे. त्यांनी आवाज चढवला नाही. लोकांनी आपल्या भरवशावर लेकरं ठेवली आहेत, पाण्याकाठी संस्कृतीला काही झालं तर तिच्या आईबापाला कोणत्या तोंडानं सांगायचं, एवढंच विचारलं. उद्यापासून धरणाकडं जाणं बंद.

ते बोलले त्यात चूक काहीच नव्हतं. मंजुषानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून उन्हं कलायच्या वेळेला भामाबाई दाराला कडी लावू लागल्या. आप्पारावांनी दार वाजवलं नाही, आरडाओरडा केला नाही. ते काठी मांडीवर घेऊन दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडं तोंड करून बसायचे. जेवण कमी होत गेलं. पुढं पुढं पाण्याचा तांब्याही तसाच राहू लागला. तिकडं संस्कृती पंगतीत घुम्यासारखी बसायची आणि विचारलं तर नुसती मान हलवायची.

मंजुषा अण्णांकडं गेली. रात्रंदिवस मनात घोळवलेलं पुष्कळ होतं, पण त्यांच्यासमोर उभी राहिल्यावर एकच वाक्य बाहेर आलं.

“तुमी बी चला ना आमच्यासंगं, अण्णा.”

अण्णा चपला शोधू लागले.

त्या दिवशी चौघं लवकर निघाली. आप्पाराव अशक्त झाले होते. एका बाजूनं अण्णा, दुसऱ्या बाजूनं मंजुषा. संस्कृती पुढं. करडईच्या कडेला आल्यावर ती एकदम थांबली. पाण्याकडून आवाज येत होता. बारीक, पुष्कळ, एकातएक मिसळलेला. मंजुषाला वाटलं, आपल्यालाही आता ऐकू यायला लागलं.

पण अण्णांनीही मान वर केली होती.

गाळावरच्या गवतात खरोखरीची मेंढरं चरत होती. काळी, पांढरी, तांबूस, पार पाण्यापर्यंत. एक तरणा मेंढपाळ डोक्याला फडकं बांधून उभा होता. आप्पारावांनी दोघांचे हात सोडवले आणि ते मेंढरांत शिरले. मेंढरं बुजली नाहीत, बाजूला सरकून त्यांना वाट देत गेली. ते एकेकीच्या पाठीवरनं हात फिरवत होते. एकीला खाली बसून धरलं, तिचा खूर वर करून बघितला, आणि सोडून दिली.

मेंढपाळ काय चाललंय ते बघत जवळ आला. तो आता काय बोलेल याची मंजुषाला भीती वाटली. त्यानं आधी आप्पारावांच्या हातांकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं.

“तू कुणाचा रं?” आप्पारावांनी विचारलं.

“मी अंगद, आबा. उमापूरकडचा.”

“तू राखतोस व्हय यांना?”

“राखतो,” अंगद म्हणाला.

आप्पाराव त्याच्याकडं बघत राहिले. वारा पडला होता. पाण्यावरचं ऊन मेंढरांच्या पोटाखालून येऊन आप्पारावांच्या पायांवर हलत होतं.

“मग बरं झालं,” ते म्हणाले. “मी थकलो आता. तू सांभाळ. त्या लंगडीला तेवढं मागं सोडू नको.”

अंगदच्या कळपात लंगडं कुणी नव्हतं. “न्हाई सोडत, आबा,” तो म्हणाला, आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

त्या संध्याकाळपासून भामाबाईंनी कडी लावली नाही. आप्पाराव अधूनमधून विचारायचे, मेंढरं कुठं हायेत. अंगदकडं हायेत, असं त्या चुलीपुढूनच सांगायच्या. आप्पारावांना अंगद आठवत असेल की नाही कोण जाणे, पण ते मान हलवायचे आणि पुढ्यातली भाकरी कुस्करायला लागायचे.

अंगदचा कळप थोड्याच दिवसांत पुढं गेला. वस्तीचं धरणाकडं जाणं मात्र सुटलं नाही. अण्णांनी पंगत थोडी उशिरा ठेवली, आणि वत्सलाबाईही काठी टेकत निघाल्या, शेजारच्या दोघी म्हाताऱ्या, त्यांच्यामागं आणखी पोरं. वाटेत कुणी करडईची फुलं दाखवायचं, कुणी पाढे म्हणायचं. आप्पारावांना आता कुठं पोचायचं नसायचं. ते सगळ्यांच्या मागून सावकाश यायचे, इकडंतिकडं बघत.

एका दुपारी पाण्याकाठी बसल्या बसल्या अण्णांनाच डुलकी लागली. टोपी गवतात पडली, तोंड किंचित उघडं. पोरं हसायला लागली तशी मंजुषानं ओठावर बोट ठेवलं. आप्पारावांनी खांद्यावरची घोंगडी काढून अण्णांच्या अंगावर टाकली. मग सगळी जणं तिथंच गप्प बसून राहिली, अण्णांना आपण होऊन जाग येईपर्यंत.