चारी दिशांच्या अक्षता

“पोरीला आता नव्या आईची सवय होऊ दे. तू इकडे येऊन तिचा जीव वर-खाली करू नकोस.”

सासूबाईंचा कित्येक वर्षांपूर्वीचा, अजून आठवणारा तो आवाज कानाआड करत हेमलताने पुरणाचा शेवटचा दिवा वळला आणि त्यात तुपात भिजवलेली वात ठेवली. श्रावणातला शुक्रवार होता. बंगलोरमधल्या यशवंतपूरच्या त्या एका खोलीत तिने पहाटेच भिंतीवर जिवतीचा कागद लावला होता, वर आघाड्याची माळ घातली होती.

दिवे उजळून तिने तबक उचललं. समोरचा पाट रिकामा होता. मूल जवळ नसेल तर आईने चारी दिशांना अक्षता टाकायच्या. जिथे असेल तिथे ते सुखी राहो. तिने पूर्वेला टाकल्या, दक्षिणेला टाकल्या. पश्चिमेला टाकल्या त्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या सकवारबाईंच्या अंगावर पडल्या.

“मला कशाला गे? माझ्या आईला जाऊन जमाना झाला,” घरमालकीण पदर झटकत हसली.

सकवारबाईंचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगलोरात मुरलेलं. घटस्फोट झालेल्या बाईला कोणी खोली देईना तेव्हा त्यांनी दिली होती, आणि पुढे एका अक्षराने काही विचारलं नव्हतं. आज मात्र त्या उंबऱ्यावरच टेकल्या.

“हेमक्का, ह्या दिव्यांचं काय करतीस मग?”

“गायीला घालते.”

“दर वर्षी?”

“दर वर्षी.”

“गायीचं बरं चाललंय.” त्यांनी रिकाम्या पाटाकडे पाहिलं. “पोरगी आहे कुठं तुझी?”

“पुण्याला. वडिलांजवळ.”

“पुण्याला? मी समजले आफ्रिकेला का कुठं. समुद्रापलीकडे असली तर अक्षता टाकाव्यात गे. पुण्याची गाडी तर आपल्या यशवंतपूरला थांबते.”

हेमलता तबकाची कड पदराने पुसत राहिली. कड स्वच्छच होती.

“कोर्टानं भेटू नको म्हटलंय?”

“नाही. कोर्टाने मुभा दिली होती. सासूबाई नको म्हणाल्या.”

“आणि पोरीला तू काय सांगून आलीस?”

हेमलता पुण्याहून निघाली तेव्हा तिची नीला फाटकाच्या आडव्या दांड्यावर उभी राहून झोके घेत होती. टांगा निघाला तरी उतरली नाही. आई परत येणार म्हटल्यावर तिला रडायचं कारणच नव्हतं.

“दर जिवतीला ओवाळायला येईन म्हणून,” हेमलता म्हणाली.

“गेलीस?”

पहिल्या वर्षी मल्लेश्वरमच्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी नवी होती, रजा मिळेना. दुसऱ्या वर्षी पूर्वीच्या नवऱ्याच्या, रत्नाकरच्या, दुसऱ्या बायकोचं डोहाळजेवण असल्याचं कानावर आलं. अशा घरात आपण कुठे जायचं? त्यानंतर कारणही लागेनासं झालं. तिने गुरुवारचं अळणी धरलं, मग मंगळवारचं मौन, मग शुक्रवारी एकच वेळ जेवण. प्रत्येक व्रताचा संकल्प नीलाच्या नावाने सोडलेला. व्रतं वाढत गेली आणि पुणं लांब लांब होत गेलं.

“तिच्यासाठीच तर करते सगळं, अक्का.”

“देवाला कळत असेल. पोरीला कोण सांगतं?”

उत्तरेकडच्या अक्षता हेमलताच्या मुठीतच राहिल्या होत्या. घामाने कुंकू सुटून तळवा लाल झाला होता.

“तिने ओळखलं नाही तर?”

“तू ओळखशील की.”

“दारातून परत पाठवलं तर?”

“तर परत ये. खोली काय मी दुसऱ्याला देते?”

“आजचा शुक्रवार तर गेला.”

“श्रावणात शुक्रवार काय एकच असतो?”

“गुरुवार गाडीत येईल. अळणी आहे माझं.”

“गाडीत मीठ खाऊ नकोस, झालं! सरी, बरं मग, त्या वाती विझतील आता, बघ तिकडे.” गुडघ्यावर हात देत सकवारबाई उठल्या आणि जाताना दार ओढून गेल्या.

बुधवारी शाळा सुटल्यावर हेमलता पिशवी घेऊन निघाली. स्टेशनाच्या वाटेवर कल्लाप्पाच्या कापडदुकानाशी ती थांबली. हिरव्या खणाकडे आणि परकराच्या कापडाकडे बोट दाखवलं.

“मुलगी केवढी, अक्का?” कल्लाप्पाने गज उचलत विचारलं.

शाळेतल्या कुठल्याही मुलीचं माप हेमलता नुसतं बघून सांगायची. तिने हात कमरेशी धरला. मग थोडा वर नेला. छातीपर्यंत आणून थांबली, आणि हात तिथेच अधांतरी राहिला. कल्लाप्पा वाट बघत होता.

“स्वल्प जास्तीच कापू?”

“हो,” ती म्हणाली. “जास्तच कापा. आत दुमडता येईल.”

कागदात बांधलेलं कापड तिने पिशवीत सगळ्यात वर ठेवलं आणि स्टेशनाकडे चालू लागली.