हवेतलं टेबल

"मॅडम, आपण ही हवा बडवतो, ती लागते कोणाला?"

प्रश्न मैत्रिणींनी पढवलेला, पण विचारायची छाती तिची एकटीची. गेल्या वर्षी हीच मुलगी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची. तायक्वांदोला जायला लागल्यापासून घसा असा मोकळा झाला होता की घरचे कानात बोटं घालत.

मॅडम हसल्या नाहीत. "समोर कोणीतरी आहे असं धरून मार. तू मनापासून मानलंस, तर बघणाऱ्यालाही तो दिसतो."

मग काय, आठवडाभर घरात धुमश्चक्री. पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेला पहिली पूमसे करून दाखवायची होती. पूमसे म्हणजे अडवणं, ठोसे आणि लाथा यांची ठरलेली साखळी, आणि ती जिथे सुरू झाली तिथेच संपायला हवी. घरात जागा ती केवढी; जेवणाचं टेबल ऐन वाटेत. आई ताटं उचलून धरायची, बाबा पेपरातून मान न काढता पाय आत घ्यायचे.

परीक्षेला मॅडमनी जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारली. तिने सुरुवात तर झोकात केली. पण ऐन मध्यात कंबर आत ओढली, पाय बाजूला टाकला आणि लाथ गुडघ्यापर्यंतच उचलली. थांबली तेव्हा फुली हातभर लांब.

"मध्ये कोण आलं गं?" मॅडमनी विचारलं.

"टेबल."

"कसलं?"

"जेवणाचं. चार खुर्च्यांचं."

मॅडमनी त्या रिकाम्या जागेला वळसा घातला. "मला अगदी स्पष्ट दिसलं. पट्टा मात्र आज नाही. पुढच्या रविवारी ये, टेबल घरी ठेवून एकटी ये."

"टेबल मांडलंस, तर निदान जेवायला तरी बोलवायचंस," मैत्रिणी परतताना म्हणाल्या. ती हसली खरी, पण घरापर्यंत सगळ्यांच्या पुढेच चालत राहिली.

घरी आईबाबा जेवायलाच बसले होते.

"मिळाला पट्टा?"

"नाही."

"जाऊ दे गं," आई हळूच म्हणाली. "नसेल जमत, तर सोडून दे. आम्ही काही म्हणणार नाही."

गेल्या वर्षीची ती असती, तर मान डोलावून खोलीत गेली असती. आत्ता तिने बाह्या सरसावल्या.

"क्लास सुटणार नाही. टेबल आजपासून भिंतीला लागणार. बाबा, घास संपवा आणि उठा. तुमची बाजू जड आहे."